कच्चा लोहार

डिचोलीच्या संग्रहालयात दोनच दालनं.
खाली लोखंड, वर पाखरं.
जिन्याच्या मधल्या टप्प्यावर माझी खुर्ची.
मोठ्यांना वीस रुपये, शाळेच्या मुलांना पाच,
आणि काचेला हात लावू नका, हे फुकट.

खाली तिसऱ्या कपाटात बाबाची आदोळी आहे.
खवून खवून दात बोथटलेली,
मान अशी वळलेली की
खाजनात मासळीवर नजर लावून बसलेला बगळाच.
शेजारी कोयता, पारय, दोन सांडश्या,
भात्याचं चामडं, आता फळीसारखं कडक.
पाटीवर लिहिलंय: दाता, बाबलो चारी, बोर्डे.
वापरात नाही, असं कुणी लिहिलेलं नाही.
ते काच सांगते.

पाटीवर हेही नाही
की आमच्या तालुक्यातले डोंगरच्या डोंगर
लाल माती होऊन बार्जीवर चढले,
नदीतून बंदराला, बंदरातून जपानला गेले
आणि बाबा लोखंड विकत आणायचा
म्हापशाच्या भंगारवाल्याकडून.
खनिजाच्या ट्रकांचे मोडके पाटे,
तोलून, किलोच्या भावानं.
मी एकदा विचारलं होतं, हे आपलंच ना?
भट्टीतून नजर न काढता म्हणाला,
धार येऊ दे. मग आपलं.

वर इमेल्दा टीचरची पाखरं.
निवृत्तीनंतर तिनं
शाळेच्या रद्दीतल्या उत्तरपत्रिकांच्या पाठीवर
एकशेचार पक्षी रंगवले.
खिडकीचं ऊन मागून आलं तर
धनेशाच्या पोटातून दिसतं
कुणाचं तरी चुकलेलं त्रैराशिक
आणि लाल शाईतले दहापैकी दोन.
शिंप्याच्या नावाचं पाखरू आहे,
परटाच्या नावाचं आहे, कोतवालाच्या,
आणि मुठीएवढा, हिरवा, कपाळाला कुंकू थापलेला
तांबट.
लोहाराच्या नावाचं नाही.
का नाही, असं साखळीच्या एका मुलानं विचारलं.
रंगवायचं राहिलंय, म्हटलं मी.
त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

गेल्या बुधवारी बाबाला आणलं.
स्वतःच्या कपाटापुढं तो थांबला जेमतेम,
"हांकां तेल लावपाक कोण ना?"
एवढंच म्हणाला, आणि जिन्याला लागला.
एकेका पायरीवर दोन्ही पाय.
वर पाखरांपुढं मात्र उभा राहिला कितीतरी वेळ.
मोतीबिंदूतून काय दिसलं असेल,
हिरवा धूर, पिवळा धूर.

तेवढ्यात मागच्या पिंपळावर
खराखुरा तांबट सुरू झाला.
टुक. टुक. टुक. टुक.
बाबानं मान कलती केली.
उजव्या हाताची बोटं
नसलेल्या दांड्याभोवती मिटली.
मग माझ्याकडे वळून, गिऱ्हाइकासमोर
दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवावीत तशा आवाजात:
"कच्चो लोहार.
लोखण थंड जालां, तरी मारताच आसा."

मी हसले. तो हसला नाही.
काठीनं कठड्यावर ठोका दिला,
पाखराच्या दोन ठोक्यांमधली जागा बघून, बरोबर तिथं.
पुन्हा तिथं.
घण मारणाऱ्या पोराला उस्ताद दाखवतो तसं,
इथे, आता इथे.
पाखरू थांबलं.
काठी थोडा वेळ हवेतच राहिली.

तिसऱ्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते.
दुसऱ्या दिवशी साडेनऊला, दरवाजा उघडायच्या आधी,
चमचाभर खोबरेल नेलं डबीतून.
नोंदवहीत हे नाही.
मानेवरून, पाठीवरून बोट फिरवलं,
दातांवरून फिरवताना
अंगठ्याला बारीकसं रक्त आलं.
बोथट म्हणत होते मी इतके दिवस.